सावडीतली इनेस

इनेसचं आमच्या गावाशी पहिलं भांडण झालं ते खुर्चीवरून.

शेजारच्या गल्लीत डोहाळजेवण होतं. बाया सगळ्या सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या आणि मधोमध दोन लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एक माझी, कारण मी शाळेतली बाई. दुसरी इनेसची, कारण ती स्पेनची. मी माझ्या खुर्चीत ऐसपैस बसले. मला खुर्ची आवडते, यात लपवण्यासारखं काही नाही. दिवसभर पहिलीच्या पोरांपुढे उभं राहणाऱ्या माणसाला ती आवडणारच. इनेसने मात्र आपली खुर्ची उचलली, भिंतीशी नेऊन ठेवली आणि आमच्या वस्तीतल्या शेवंताकाकूंच्या शेजारी मांडी घालायला बसली. मांडी काही जमेना. एक गुडघा दाबून खाली बसवला की दुसरा वर यायचा. घरची सासू धावत आली आणि खुर्ची परत घेऊन आली. इनेसने ती परत भिंतीशी नेली. सासूने पुन्हा आणली. हा खेळ तीनचार वेळा झाला, गर्भार सून बिचारी फुलांची वाडी घालून बघत बसली होती. शेवटी सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. परदेशातून आलेल्या बाईला आपण जमिनीवर बसवलं असं उद्या गाव म्हणेल, या धास्तीने ती रडकुंडीला आली होती. तेव्हा इनेस उठली आणि खुर्चीत बसली. जेवण होईपर्यंत ती त्या खुर्चीत अशी बसली होती की जणू दातांच्या डॉक्टरकडे आली आहे.

घरी येताना मला म्हणाली, "बाई, लई चांगले लोक हायेत. लई चांगले. मला राग येतो."

तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता. चांगल्या लोकांचा राग कसला यायचा?

पारनेरच्या पुढे माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या वेळी इनेस पहिल्यांदा आमच्याकडे आली. तिचा नवरा त्या कामावर इंजिनियर होता. ते राहायचे पुण्याला, पण तो माळावर आला की ही बरोबर यायची आणि दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसायची. काम संपलं, दोघं गेले. मग तिकडे तिचा नवरा हृदयविकाराने गेला असं कुणीतरी सांगितलं. आम्ही हळहळलो आणि विसरलो. वर्षभराने दिवाळीच्या सुट्टीत मी अंगणात शेंगा वाळत घालत होते तर फाटकाशी ही उभी. हातात एक बॅग. तिने विचारलं, राहायला खोली मिळेल का?

आमच्या अंगणात मुलासाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या. मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला, तेव्हा त्या रिकाम्याच होत्या. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "महिनाभर राहील?" मी म्हटलं, आठ दिवस राहिली तरी खूप. ती सहा वर्षं येत राहिली. दिवाळी झाली की यायची, वळवाचे ढग दिसायला लागण्याआधी जायची. परवान्यावर वर्षात तेवढंच राहता यायचं.

दिसायला ती काही परदेशी वाटायची नाही, हीही एक गंमत. बुटकी, रुंद हाडाची, उन्हाने रापलेली, केस पिकलेले. गळ्यात पाणी भरल्यासारखा घोगरा आवाज. रात्री अंधारात पाठमोरी दिसली तर कुणीही हाक मारून पुढे गेलं असतं. अंगावर मात्र कायम एक निळा एप्रन, त्याला दोन मोठे खिसे, आणि त्या खिशांत जगातलं काहीही सापडायचं. सुतळी, कात्री, अर्धा लिंबू, लसणाच्या पाकळ्या.

पहाटे उठून ती आपल्या दारापुढचा रस्ता झाडायची. आपला झाला की माझ्या दारापुढचा, मग पुढच्या दोन घरांचा. दुपारी एक ते चार खिडक्या घट्ट बंद. ह्यांना ते मुळीच पटायचं नाही. "वारं नको का लागायला?" असं म्हणून हे खिडकी उघडायचे आणि ती आतून लावायची. पुढे एका मार्चमध्ये आमच्या खोलीपेक्षा तिची खोली गार आहे हे ह्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून आमच्याही खिडक्या दुपारी बंद होऊ लागल्या, पण ती कल्पना आपलीच असं हे आजही सांगतात.

संध्याकाळी ती दारात स्टूल घेऊन माळाकडे तोंड करून बसायची आणि पवनचक्क्या मोजायची. सतरा नंबरची तिच्या नवऱ्याने उभी केलेली शेवटची. ती फिरत असली की इनेस खुशीत. बंद दिसली तर माळावरच्या रखवालदाराला फोन करून फैलावर घ्यायची. "सतरा का बसली? काय दुखतंय तिला?" तो गरीब बिचारा वारा नाही म्हणून सांगायचा. "सोळाला वारा हाय आन् सतराला न्हाई?"

मराठी ती शिकली ती अशी. मी शिक्षिका असल्यामुळे हे काम आपलंच असं समजून मी पहिल्याच महिन्यात अंकलिपी आणि पाटी घेऊन तिच्याकडे गेले होते. चार दिवस ती शहाण्या मुलीसारखी बसली. पाचव्या दिवशी म्हणाली, "बाई, तुमचं मराठी पुस्तकाचं हाय. मला शेजाऱ्याचं पायजे." मला जरा लागलंच. पण तिचं बरोबर होतं. माझ्या मराठीत तिला कुणाशी भांडता आलं नसतं.

आणि भांडायचं तिला फार होतं. अडचण ही होती की तिच्याशी कुणी भांडेना. पिठाच्या गिरणीत तिचा डबा सगळ्यांच्या आधी. एसटीत जागा. यात्रेत मांडवात पुढची खुर्ची, कीर्तनात बाजूची खुर्ची, कुणाच्या दहाव्याला गेली तरी खुर्ची. गाव तिला मॅडम म्हणायचं. मॅडम चहा, मॅडम पाणी, मॅडम उन्हात नका उभ्या राहू. गावाला वाटायचं आपण पाहुणचारात कुठे कमी पडत नाही. खरंच पडत नव्हतं.

तिच्या खोल्यांसाठी दरवर्षी पोलीस ठाण्यात कागद भरून द्यावा लागायचा आणि मग हवालदार चौकशीला यायचे. हवालदार आले की इनेस बटाट्याचं जाड ऑम्लेट करायची, हातभर रुंद, पालथं घालताना घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून धरावा असं. हवालदारांना ते इतकं आवडायचं की चौकशी लांबायची. सोमवार असला तर ते उपासामुळे न खाता परत जायचे आणि मंगळवारी उरलेली चौकशी करायला यायचे. एकदा त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "येण्याचा उद्देश?"

"कांदा," इनेस म्हणाली.

"मॅडम, कांदा लिहिता येत नाही. पर्यटन लिहितो."

"म्या कुठं फिरले? पारनेरला दोनदा गेले. एकदा दाढ काढाया."

"तरी पर्यटनच," हवालदार म्हणाले आणि दुसरा तुकडा घेतला.

कांदा हे तिचं उत्तर गमतीचं नव्हतं. त्यातच तिचं सगळं काही अडकलं होतं. ते सांगायचं तर आधी सावड सांगितली पाहिजे.

आमच्याकडे कांद्याची लागवड, खुरपणी, काढणी यांना मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. म्हणून घराघरातल्या बाया सावड करतात. आज आठजणी तुझ्या रानात, उद्या त्याच आठजणी माझ्या रानात. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. दिवसाला दिवस. कुणाचा दिवस कुणाकडे राहिलाय हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. बाळंतपण असो, लग्न असो, राहिलेला दिवस बाई येऊन पुरा करते. आमच्या वस्तीच्या सावडीच्या म्होरक्या शेवंताकाकू. साठीच्या पुढच्या, काटक, बोलायला तिखट. कुणाची जीभ चालली आणि हात थांबला की त्या नुसतं खाकरायच्या आणि सगळ्यांची खुरपी चालू व्हायची. मी या गावात चौतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले. मला काही कुणी सावडीत बोलावलं नाही. मी नोकरीवाली, माझ्याकडे कोण मागणार? मलाही त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं.

इनेसला मात्र नेमकं तिथेच जायचं होतं.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात काकूंच्या रानात कांदालागवड चालली होती. इनेस सकाळी सातला एप्रन बांधून वाफ्यात उतरली. बायांना मौज वाटली. मोबाईलवर फोटो काढले. बायांनी तिला रोपांची जुडी दिली, तिने अर्धा वाफा लावला, आणि चांगला लावला. लहानपणापासून मातीत हात असलेली बाई ती, तिला काय शिकवायचं. फोटो झाले, हसणं झालं, आता मॅडम घरी जातील म्हणून सगळ्या थांबल्या. मॅडम गेल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत लावत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला हजर.

तिसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. चेहरा पडलेला. "बाई, तेवढं तुमच्या पाव्हनीला समजावून सांगा. तिनं दोन दिस काम क्येलं आमच्यात. तिला ना रान ना पीक. आमी तिचे दोन दिस फेडायचे कुठं?"

मी म्हटलं, तिला आवडतं म्हणून करते, तुम्ही कशाला मनावर घेता?

"आवडीनं क्येलं तरी दिस तो दिसच की. आमच्या डोक्यावर बसला ना त्यो."

त्या दिवसापासून काकूंनी तो भार उतरवायला सुरुवात केली. इनेसच्या दारात सकाळी मेथीच्या सात जुड्या. दुपारी शेंगांचं गाठोडं. संध्याकाळी अंडी. बाकीच्या बायांनीही मनावर घेतलं. कुणी हरभऱ्याचा ओला ढाळा टाकून जायचं, कुणी ताकाची कळशी. आठ दिवसांत तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मी आत गेले तर ती त्या सगळ्या भाजीपाल्यात बसली होती आणि मेथी निवडत होती. तोंड असं, की तिला कुणी घराबाहेर काढलंय.

"बाई," ती म्हणाली, "हे समदं काय हाय मला ठावं हाय. हे म्हंजी, जा म्हनायचं."

पुढच्या वर्षी ती आली ती डाव घेऊनच. ह्यांच्याकडे विहिरीजवळचा एक पडीक तुकडा होता, चार वाफ्यांचा. तिने तो मागितला. हे म्हणाले, घ्या की. तिने तिथे लसूण लावला. लावला एकटीनेच, एका सकाळीत. आणि नंतर तिकडे ढुंकून बघेना. पाणी तेवढं सोडायची. तण गुडघ्याला लागायला आलं. आमचे हे शिस्तीचे शेतकरी, त्यांचा जीव वर-खाली. रोज संध्याकाळी मला सांगायचे, "अगं, तिला सांग, लसूण गेला. तणाचं बी उडून माझ्या कांद्यात येईल." मी सांगितलं. ती म्हणाली, "वाढू द्या."

तण पुरेसं वाढलंय अशी खात्री पटल्यावर ती शेवंताकाकूंच्या दारात गेली. मीही गेले, कारण हे प्रकरण मला चुकवायचं नव्हतं. इनेस ताठ उभी राहिली आणि पाठ केलेलं बोलावं तसं म्हणाली, "काकू, माझ्यात खुरपनी आली. सावड करा. म्या तुमच्यात यीन, तुमी माझ्यात या."

काकूंनी विचारलं, "किती रान?"

"चार वाफे."

काकू हसल्या नाहीत, पण त्यांच्या सुनेला हसू आवरेना, ती आत पळाली. "चार वाफ्याला आठ बाया? एका तासाचं काम न्हाई. आन् मॅडम, तुमी त्ये तन मुद्दाम वाढवलंय. मला काय दिसत न्हाई व्हय? लोक हसतील. तुम्हाला बी आन् आमाला बी." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तुमी पाव्हन्या. कशाला हाताला घट्टे पाडून घेता? आमाला काय तुमी जड न्हाई."

इनेस तशीच माघारी फिरली. माझ्या अंगणात येऊन बसली. काकूंना बहुतेक चुटपुट लागली असावी, कारण थोड्या वेळाने त्याही आल्या, शेंगा फोडायच्या निमित्ताने. तिघी सूप मध्ये ठेवून शेंगा फोडत बसलो. आणि मग इनेसने ती गोष्ट सांगितली. तिचं मराठी तोवर चांगलंच सुधारलं होतं, अडलं तिथे ती हातांनी बोलायची.

तिचं गाव डोंगरातलं, चाळीस घरांचं. निम्म्या घरांना कुलपं. मेंढ्या, बदामाची झाडं, थंडीत बर्फ. गावाला पाणी येतं ते वरच्या झऱ्यावरून दगडी पाटाने. दरवर्षी हिवाळा सरला की एका रविवारी देवळाची घंटा वाजते आणि प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन निघतो. दिवसभर पाट साफ करायचा, मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. म्हातारं असो, आजारी असो, घरातून कुणीतरी आलंच पाहिजे.

"आमच्यात इचारत न्हाई तुझं नाव काय," ती म्हणाली. "इचारतात, पाटाला कोन येतं तुझ्या घरातून."

त्या गावात एक परदेशी माणूस राहायला आला. कुठल्याशा थंड देशातला, निवृत्त शिक्षक. त्याने एक पडकं घर घेतलं, नीट केलं. भाषा शिकला. गावाला तो फार आवडला. पावाची गाडी आली की पहिला पाव त्याला. जत्रेत मानाची जागा त्याला. पहिल्या वर्षी घंटा वाजली तेव्हा तो नवं कोरं फावडं घेऊन दारात उभा राहिला. इनेस वाटेने चालली होती. ती त्याला म्हणाली, तुम्ही कशाला? तुम्ही पाहुणे, आराम करा, दुपारी जेवायला मात्र नक्की या. तो हसला आणि आत गेला. दुपारी जेवायला आला. दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी तो दारात आला नाही, खिडकीतून बघत होता. सात वर्षं तो त्या गावात राहिला आणि मग घर विकायला काढून निघून गेला.

"त्याला कुनी वंगाळ बोललं न्हाई," इनेस म्हणाली. "आमी लई चांगलं वागलो. मी सोता चांगलं वागले. तवा कळलं न्हाई. हितं आल्यावर कळलं. माझ्या खुर्चीत बसल्यावर."

मला माझी डोहाळजेवणातली खुर्ची आठवली आणि उगीचच शरमल्यासारखं झालं. काकू सुपात बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मंग त्या घराचं काय झालं?"

"कुलूप हाय."

"कुनीच न्हाई ऱ्हात?"

"कुनीच न्हाई."

काकू पदर झटकून उठल्या आणि घरी गेल्या. मला वाटलं, त्यांना काही पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायला निघाले तर विहिरीजवळच्या त्या तुकड्यात आठ बाया बसलेल्या. काकूंचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "आगं इनेस, ह्ये काय रान ठिवलंय का जंगल? लाज वाटती का? आन् च्या कुठाय? बाया आल्यात तुझ्यात, सकाळपासनं च्या न्हाई." इनेस एप्रन सावरत किटली घेऊन धावत होती, चेहरा टोमॅटोसारखा लाल. मॅडम गळून पडली होती, रात्रीतून. खुरपणी तासाभरात आटोपली. पण काकूंनी कुणाला उठू दिलं नाही. दिवस म्हणजे दिवस. बायांनी तिच्या खोल्या सारवल्यासारख्या धुऊन काढल्या, तिची गोधडी उसवून पुन्हा शिवली, लसणाशेजारी घेवडा टोकून त्याला मांडव घातला आणि सूर्य कलला तेव्हाच घरी गेल्या. आता इनेसकडे आठ घरांचे आठ दिवस झाले. तिने ते आठ आठवड्यांत पुरे केले आणि आणखी वाढवून घेतले.

त्यानंतरची तीन वर्षं मी तिला फार कमी पाहिलं, हे खरं. अंगणात राहायची, पण भेटायची कुठे? आज हिच्यात, उद्या तिच्यात. रात्री सांगावा यायचा, "इनेस, सकाळी लवकर. उशीर केला तर बघ." आणि ती मला तो सांगावा पुन्हा सांगायची, कुणाला राष्ट्रपतींचं पत्र आल्यावर दाखवतात तसा. एकदा अंगात ताप असताना निघाली म्हणून मी अडवलं, तर म्हणाली, "माझा दिस हाय." काढलेल्या कांद्याची पात कापताना वर मान किती ठेवायची, आखूड ठेवली तर तो साठवणीच्या चाळीत कसा सडतो, यावर ती आमच्या ह्यांच्याशी तावातावाने वाद घालायची. ह्यांनी चाळीस वर्षं कांदा केलाय. तरी त्या वर्षी तिच्या म्हणण्याप्रमाणे मान ठेवली गेली, आणि ती कल्पनाही अर्थातच ह्यांचीच.

बायांच्या भांडणातही ती पडू लागली. एकदा काकूंच्या सुनेची बाजू घेऊन खुद्द काकूंशी भांडली आणि दोघी तीन दिवस बोलत नव्हत्या. तीन दिवस एकाच रानात, शेजारच्या ओळींत, तोंड फिरवून. चौथ्या दिवशी काकूंनी तिच्या भाकरीवर ठेचा वाढला आणि अबोला संपला. त्या तीन दिवसांत इनेस दु:खी असेल म्हणून मी समजूत काढायला गेले होते. ती चुलीशी गाणं गुणगुणत होती.

मला हेवा वाटला का? वाटला. चौतीस वर्षांत माझ्याशी कुणी असं तीन दिवस अबोला धरला नव्हता. पण हे तिच्याविषयी आहे, माझं राहू द्या.

सहाव्या वर्षी, एप्रिलमध्ये, तिकडून फोन आला. तिची थोरली बहीण पडली, मांडीचं हाड मोडलं. ती एकटी, हिच्याशिवाय बघणारं कुणी नाही. इनेसने दोन दिवसांनंतरचं तिकीट काढलं. पुढच्या दिवाळीला येशील ना, म्हटलं तर खिशातली सुतळी गुंडाळत राहिली. बहीण ऐंशीच्या घरातली. मी पुन्हा विचारलं नाही.

सरपंचांनी सत्कार ठरवला. शाल, नारळ, फेटा. सकाळी दहाला ग्रामपंचायतीपुढे, अकराला जीप निघणार. मांडव घातला, बॅनर लावला, त्यावर "परदेशी पाहुण्या" असं छापलेलं होतं. मी ते तिला दिसू नये म्हणून देवाजवळ प्रार्थना करत होते. दहा वाजले, सव्वादहा वाजले, सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. खोलीला कुलूप, बॅग ओसरीवर. सरपंच घाम पुसायला लागले.

मला ठाऊक होतं ती कुठे असणार. मार्चमध्ये काकूंनी तिच्या घेवड्याच्या मांडवाला एक दिवस दिला होता आणि तो दिवस इनेसकडे राहिला होता. काकूंच्या रानात कांदाकाढणी चालू होती. सरपंच, दोन सदस्य, शाल धरलेली मी आणि जीपचा ड्रायव्हर, असे सगळे बांधावर जाऊन पोचलो. इनेस आपल्या ओळीत वाकलेली. आजूबाजूच्या बाया एका चालीने चालल्या होत्या, ही मात्र दुप्पट वेगाने. खुरपं घालायची, उपटायची, झटकायची, टाकायची. एप्रन मातीने भरलेला. तिला ती ओळ पुरी करायची होती. दिवस अर्धाच होणार होता, म्हणून तिने पहाटे पाचपासून सुरुवात केली होती, असं नंतर कळलं.

"मॅडम, उशीर होतोय," सरपंच म्हणाले.

"थांबा," ती वर न बघता म्हणाली.

ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं. मी हाक मारली. ती थांबेना. ओळ आता दहाबारा हातच राहिली होती. तेवढ्यात शेवंताकाकू शेजारच्या ओळीतून उठल्या, कंबरेवर हात ठेवून तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ."

"एवढी झाली की उठते."

"ऊठ म्हनते ना. एवढी राहू दे."

इनेसने मान वर केली. चेहऱ्यावरून घाम निथळत होता. "काकू, माझा दिस हाय. म्या फेडून जानार."

"त्येच तर," काकू म्हणाल्या. "फेडून मोकळी व्हायला निघालीस व्हय? आन् मंग आमी तुला कशाच्या जोरावर बोलवायचं? एवढी ओळ ऱ्हाऊ दे. ती आमची तुझ्याकडं हाय. येशील तवा काढ."

"कांदा सडंल, काकू."

"सडू दे."

जिने आयुष्यात एक पात वाया जाऊ दिली नाही, ती बाई हे म्हणत होती. बाकीच्या बायांचे हात थांबले. काकू खाकरल्या नाहीत. इनेस त्या उरलेल्या दहा हात ओळीकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने रडायला लागली, मोकळ्या रानात, सरपंचांसमोर, लहान मुलासारखं नाक ओढत. मलाही आवरलं नाही. मी हातातल्या सत्काराच्या शालीने डोळे पुसले, आणि सरपंचांनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

"रडतीस काय, गाडी चुकंल," काकू म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज धड नव्हता.

इनेस उठली. हात झटकले नाहीत, धुतलेही नाहीत. खुरपं तिने कुणाच्या हातात दिलं नाही. बाया दुपारी भाकरी खायला जाताना आपापल्या जागी रोवून ठेवतात तसं ते तिने राहिलेल्या ओळीच्या तोंडाशी मातीत रोवलं, दोनदा दाबून घट्ट बसलंय ना हे पाहिलं, आणि बांध चढून जीपकडे चालू लागली.